माउना लोआवर सूर्य मोजताना

पहाटेच्या अंधारात हिलो सोडलं, तेव्हा गावावर पाऊस होता. वळणं घेत गाडी ढगांच्या वर आली आणि उजाडताच दोन्ही बाजूंना काळा, खडबडीत लाव्हा दिसू लागला. गवताचं पातंही नाही. रस्ता संपतो तिथे, ३,३९७ मीटर उंचीवर, हवाईमधल्या माउना लोआ ज्वालामुखीवरची वेधशाळा उभी आहे. इतकं गडद निळं आकाश मी कधी पाहिलं नव्हतं.

सूर्य वर येताच एक अरुंद नळी त्याच्याकडे तोंड करून हळूहळू सरकू लागली. हे पायरहेलिओमीटर. इकडेतिकडे विखुरलेला उजेड या नळीत जवळजवळ शिरतच नाही. थेट सूर्याचे किरण तळाशी पडतात, तिथला काळा पृष्ठभाग तापतो आणि त्यावरून किरणांची तीव्रता कळते.

या नोंदींचा हिशेब समजला आणि मी अवाक् झालो. सूर्य ३० अंशांवर असताना किरण माथ्यावरच्या हवेच्या दुप्पट हवेतून येतात. साधारण १९ अंशांवर असताना तिपटीतून. या दोन तीव्रतांचा भागाकार करायचा. तराजू खोटा असला, तरी त्यावर तोललेल्या दोन पोत्यांपैकी एक दुसऱ्याच्या किती पट, ते बरोबरच कळतं. तसा इथे उपकरणातला दोष गळून पडतो. उरते हवेची पारदर्शकता. हा हिशेब १९५८पासूनचा. उपकरणं बदलली, माणसं बदलली, तरी जुन्या सकाळी नव्या सकाळींशेजारी मांडता येतात.

निर्मळ दिवसांत हा आकडा ०.९३च्या आसपास असतो. त्याच्या आलेखात मात्र ज्वालामुखींच्या उद्रेकांचे तीन खोल खड्डे आहेत: १९६३ साली बालीतला अगुंग, १९८२ साली मेक्सिकोतला एल चिचोन, १९९१ साली फिलिपाइन्सचा पिनातुबो. त्यांनी ओकलेला गंधकाचा वायू स्थितांबरात चढला, त्याचे आम्लाचे सूक्ष्म थेंब झाले आणि ते पृथ्वीभर पसरले. पिनातुबोनंतर जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. हजारो किलोमीटरांवरचा तो उद्रेक या नळीने नुसत्या सूर्याकडे बघून टिपला!

नोव्हेंबर २०२२मध्ये माउना लोआच फुटला. लाव्ह्याने वेधशाळेचा रस्ता गाडला, वीज तोडली. ती बातमी वाचली तेव्हा मला त्या आलेखाची काळजी वाटली. इमारत पुन्हा बांधता येते. हुकलेली सकाळ पुन्हा मोजता येत नाही. म्हणूनच अशा नोंदवह्या चालू ठेवणाऱ्यांना, जगात कुठेही, पैसा आणि माणसं कमी पडता कामा नयेत.