मान डोलावणारी तंजावरची बाहुली आणि पॉलिमर क्लेचं सामान

तंजावरला गेलात की बृहदीश्वर मंदिर पाहालच. तिथल्या भिंतीवरचा भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेखही (१८०३) पाहाल. पण मुलं बरोबर असतील, घरात कुणाला पॉलिमर क्लेचं वेड लागलं असेल, तर इथली बाहुली चुकवू नका. तमिळमध्ये तिला ‘तलैयाट्टी बोम्मै’ म्हणतात, म्हणजे मान डोलावणारी बाहुली. हलकीशी टिचकी मारा, डोकं, धड आणि घागरा आपापल्या लयीत डुलू लागतात.

दुकानदाराला विचारून ती सुटी करून बघा. कागदाच्या लगद्याचे, प्लास्टरचे पोकळ भाग. खालून आलेल्या तारेवर वरचा भाग नुसता टेकलेला. टेकू वर, वजन खाली, म्हणून तोल जात नाही. शेजारची राजा-राणीची जोडी वेगळी: तिचा तळ गोल आणि जड, आडवी केली तरी उठून बसते. साचा, तार, सॅंडपेपर, ब्रश. एवढ्यावर हे सगळं उभं राहतं.

आता ऑनलाइन दिसणारा तो चाळीस हत्यारांचा संच आठवा. घेऊ नका. पॉलिमर क्लेची डुलणारी बाहुली करायला त्यातलं फारसं काही लागत नाही. काम करायला चकचकीत टाइलचा तुकडा, लाटायला काचेची गुळगुळीत बाटली (लाकडी लाटण्याला क्ले चिकटते), कापायला पातळ ब्लेड, भोकांना दाभण, तार वाकवायला पक्कड. साच्यातून क्ले सुटावी म्हणून चिमूटभर कॉर्नफ्लोअर. पास्ता मशीन छान असतं, पण ते पहिल्या वर्षी नको. स्वयंपाकघरातून जे घ्याल ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

पैसे खर्च करायचेच तर ओव्हन थर्मामीटरवर करा. ही क्ले माती नव्हे, पीव्हीसीचं प्लास्टिक आहे. वाऱ्यावर वाळत नाही, भाजावी लागते, आणि बहुतेक कंपन्यांची क्ले ११० ते १३० अंश सेल्सिअसला पक्की होते. नेमका आकडा पाकिटावर असतो. ओटीजीच्या बटणावरचं तापमान आणि आतलं तापमान यांत बराच फरक पडू शकतो. क्ले करपली तर घातक धूर निघतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि हे काम मोठ्यांनीच करा. मायक्रोवेव्ह अजिबात नको.

डोकं भरीव करू नका, जड होईल. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा घट्ट दाबून त्यावर क्लेचा थर द्या. फॉइल ओव्हनमध्ये चालते. तळाला मात्र वजन हवं, तिथे एक-दोन लोखंडी नट बसवा. रंग अ‍ॅक्रिलिकचा घ्या. नेलपॉलिश लावलंत तर काही दिवसांनी बाहुली चिकट होते.

भाजून गार झाल्यावर बाहुली सपाट टाइलवर ठेवून टिचकी मारा. डोकं एका बाजूला अडकून राहिलं तर मानेचं भोक अरुंद आहे. भाजलेली क्ले कोरता येते. साध्या हातड्रिलने ते थोडं मोठं करा आणि पुन्हा टिचकी मारून बघा.