मांडीवरची गिटार आणि थरथरता हात

दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना रक्तदाब, साखर आणि झोप यांच्याबरोबर मी आणखी एक प्रश्न विचारतो : दिवसभरात आपल्या हातांना काय काम असते? पेणमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याला हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत सत्तरी ओलांडलेले कारागीर मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना मी पाहिले आहेत. चालताना काठी लागते, पण डोळ्याची कड रेखताना ब्रश हलत नाही. याउलट, "आता तुम्ही काही करू नका, नुसते बसा," असे घरच्यांनी प्रेमाने बजावलेल्या ज्येष्ठांना काही महिन्यांत सदऱ्याचे बटण लावणेही जड जाते, हेही मी पाहतो.

हा विचार माझ्या मनात पक्का झाला तो एका वाद्यामुळे. ते वाद्य म्हणजे स्टील गिटार. आपल्यापैकी अनेकांनी ती 'हवाईयन गिटार' या नावाने रेडिओवर ऐकली असेल. ही गिटार छातीशी धरत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात. तारा पट्टीपासून उंच असतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी त्या दाबायच्या नसतात. त्या हातात पोलादाचा गुळगुळीत दांडा असतो, तो तारांवरून सरकवायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यात व बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मधली सारी वाट ऐकू येते. आपल्या संगीतातील मींड ती हीच. विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरवून जे साधतात, तेच येथे पोलादाने साधते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने ही पद्धत रूढ केली, असे मानले जाते. पुढे ती अमेरिकेत पसरली. मोठ्या सभागृहात तिचा आवाज पुरेना, म्हणून विजेची जोड शोधली गेली. १९३२ साली बाजारात आलेली विजेवरची गिटारही मांडीवरचीच होती. गोल अंग आणि लांब मान यांमुळे लोक तिला 'तळण्याचा तवा' म्हणत. ती अॅल्युमिनियमची असल्याने मंचावरील दिव्यांच्या उष्णतेने तिचे स्वर ढळत. त्यानंतर काही वर्षांतच, आपल्या जुन्या रेडिओच्या पेट्या ज्याच्या असत त्या बॅकेलाइटच्या गिटारी आल्या. भारतात कलकत्ता आणि मुंबई येथील हॉटेलांच्या वाद्यवृंदांतून हे वाद्य रुजले. व्हॅन शिप्ले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या सुरावटी तिच्यावर वाजवून त्या ध्वनिमुद्रिकांतून घरोघर नेल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. याच घराण्यातली मोहनवीणा वाजविणाऱ्या विश्वमोहन भट्ट यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

अशी एक बॅकेलाइटची, तारांवर नालाच्या आकाराचे चुंबक असलेली गिटार रोह्यात, कुंडलिकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे मला काही वर्षांपूर्वी कळले. आठवड्यातून एक दिवस मी रोह्याला रुग्ण तपासतो. त्यांपैकी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक काका तरुणपणी मुंबईत कचेरीतील नोकरी सांभाळून संध्याकाळी वाद्यवृंदात ही गिटार वाजवीत असत. देश सोडून जाणाऱ्या एका हॉटेलवादकाकडून त्यांनी ती विकत घेतली होती. मीही महाविद्यालयात साधी गिटार वाजवीत असे. परंतु डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सांध्याची झीज सुरू झाली आणि तारा दाबणे नकोसे झाले. काकांनी माझ्या हातात दांडा दिला तेव्हा जाणवले, की येथे दाबण्याचे बळ लागत नाही. हलकी पकड, तीक्ष्ण कान आणि धीर लागतो. सांधेदुखीवर हा काही उपचार नव्हे. दुखऱ्या बोटांना जमेल असे हे संगीत आहे, एवढेच. त्या दिवसापासून काका माझे गुरू झाले.

पुढे पेणच्या एका माघी गणेशोत्सवात आम्हा दोघांना वाजविण्याचे निमंत्रण आले. तीन सुरावटी काकांनी वाजवायच्या आणि मी साध्या गिटारीवर माझ्या अंगठ्याला झेपेल तेवढी साथ करायची, असे ठरले. घरी मात्र वादळ उठले. आदल्या पावसाळ्यात काका न्हाणीघरात पडले होते. काकूंच्या निधनाला वर्षही झाले नव्हते. शिवाय त्यांचे दोन्ही हात थरथरत. चिरंजीवांनी गिटारीसाठी मुंबईचा एक गिऱ्हाईकही पाहून ठेवला होता. सूनबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच त्यांना नाही म्हणा. तुमचे ते ऐकतील. लोक हसले तर त्यांना सोसवणार नाही."

काकांना मी विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "हात थरथरतो हे मला दिसते. तो थांबण्याची वाट पाहत बसलो, तर वाजवायचे राहूनच जाईल."

सूनबाईंची भीती खोटी नव्हती आणि काकांची इच्छाही हट्टाची नव्हती. अशा वेळी डॉक्टरने 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी तपासावे. हाताचा प्रत्येक कंप पार्किन्सनचा नसतो. पार्किन्सनचा कंप बहुधा हात विसावलेला असताना दिसतो. काकांचा कंप पेला उचलताना, सही करताना दिसे. अशा कंपाला वैद्यकात 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात. थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती ठीक होती. अनेक वादक मंचावर जाण्याआधी ऐकीव माहितीवर प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतात. काकांना दमा असल्याने ती वर्ज्य होती, आणि कोणीही ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. दम्याच्या फवाऱ्याने काही वेळ कंप वाढू शकतो. म्हणून फवारा टाळायचा, हा विचार तर त्याहून घातक.

नंतर काका, सूनबाई आणि मी असे तिघे बसलो आणि काय केल्यास जाता येईल, ते ठरविले. ते येथे देतो, कारण भजन, कीर्तन, नाटक, कोणत्याही मंचावर जाणाऱ्या ज्येष्ठांना ते उपयोगी पडेल.

सराव सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटांचा, मध्ये विश्रांती. बॅकेलाइटचे वाद्य दिसते लहान, पण असते जड. ते मांडीवर न घेता स्टँडवर ठेवायचे. खुर्ची हात नसलेली आणि पावले जमिनीला पूर्ण टेकतील इतक्या उंचीची. रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी, जेवण हलके व वेळेवर. वाजवून झाल्यावर एकदम उठायचे नाही. क्षणभर बसून, आधार धरून उठायचे. मंचाच्या पायऱ्यांना कठडा हवा आणि वायरी जमिनीला चिकटपट्टीने बसविलेल्या हव्यात, कारण या वयात मंचावरचा मोठा शत्रू म्हणजे पायात येणारी वायर. ध्वनिक्षेपक कानामागे नको. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालतो, असा एक सर्वमान्य निकष आहे, आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे.

विजेचे काम सर्वांत महत्त्वाचे. काकांचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर ११० व्होल्टचा, तर आपली वीज २३० व्होल्टची. त्यासाठी योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घेतला, जुन्या वायरी बदलल्या आणि मंडपातील अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घेतले. वादकाचा हात सतत धातूच्या तारांवर असतो; येथे 'चालून जाईल' हा शब्द चालत नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी अर्धा तास आधी गिटार पेटीतून काढून मंचावर उघडी ठेवली, म्हणजे तेथील हवेशी तिचे जुळावे; मग सूर लावले. माघातली थंडी होती, म्हणून काकांनी हात कोमट पाण्यात धरले. सूनबाई फवारा आणि पाण्याची बाटली घेऊन पहिल्या रांगेत बसल्या.

पहिली सुरावट सुरेख झाली. दुसरीत एका उंच जागेवर दांडा पुढे गेला. काका तसेच सरकत मागे आले आणि स्वरावर थांबले. तिसरी संथ अभंगाची चाल होती. तिच्या शेवटच्या लांब स्वरात हाताचा कंप स्पष्ट उतरला. सरावातही तो येई, आणि दांडा तारांवर टेकलेला असल्याने हाताला थोडा आधार मिळून तो काहीसा कमी होई. त्या रात्री तो कमी झाला नाही. काकांनी स्वर सोडलाही नाही. तो विरेपर्यंत धरून ठेवला. कोणी हसले नाही. नंतर एका श्रोत्याने मला विचारले, "शेवटी ते आंदोलन किती छान घेतले! ते कसे घेतात?" मी त्यांना काकांकडे पाठविले. काका म्हणाले, "ते वयाबरोबर येते."

वाचकहो, संगीताने काकांचा कंप बरा झाला, असे मी लिहिणार नाही; तो आजही आहे. पण गिटार विकली गेली नाही. सकाळ-संध्याकाळची वीस मिनिटे चालू आहेत, आणि त्या वीस मिनिटांसाठी काका स्वतः दाढी करून, कपडे बदलून खुर्चीत येऊन बसतात. आपल्या दमट हवेत तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर त्या कोरड्या फडक्याने पुसण्याचे काम सूनबाईंनी स्वतःकडे घेतले आहे.

आपल्याही घरात एखादे कपाट असेल, ज्यात कोणाची पेटी, कोणाचा शिवणाचा डबा, कोणाची रंधा-पटाशी ठेवलेली असेल. ती वस्तू विकण्यापूर्वी किंवा कोणाला देऊन टाकण्यापूर्वी ज्यांची ती आहे त्यांच्या हातात एकदा द्या आणि थोडा वेळ जवळ बसा. काय जमत नाही ते त्यांना ठाऊक असतेच. काय केल्यास जमेल, याचा विचार करायला मात्र त्यांना आपली सोबत लागते.