उतरवलेली तार

बाखच्या पाचव्या चेलो सुइटमधली, म्हणजे नृत्यमालिकेतली, साराबांद ही संथ चाल कागदावर अगदी बोडकी दिसते. एका पानात सहज मावते. चेलोवर दोन-तीन स्वर एकत्र घेता येतात, पण इथे आरंभापासून अखेरपर्यंत एका वेळी एकच स्वर. हळू वाजवा की जोरात, याचा पत्ता नाही. चेलोसाठीची बाखच्या हातची प्रत उरलेली नाही. ज्या नकला आहेत त्यांतली एक त्याच्या बायकोने, आना माग्दालेनाने केलेली. कुठले स्वर एका गजात घ्यायचे हे सांगणाऱ्या तिच्यातल्या कमानींवरून चेलोवादक अजून भांडतात. भांडोत बापडे.

या सुइटसाठी वरची 'ए'ची तार 'जी'पर्यंत उतरवायची असते. मग खालची 'जी' आपसूक झणकारते आणि वाद्याचा उजळपणा काळवंडतो. तरफांवर वाढलेल्या आपल्या कानाला हे लगेच उमगतं.

डाव्या हाताच्या बोटांचा कंप लांबूनही दिसतो, म्हणून सगळा भाव तिथेच असेल असं वाटतं. मला विचाराल तर तो उजव्या हातात आहे. गज घोडीकडे सरकला की स्वराला धार येते, पट्टीकडे गेला की तो धुरकटतो. मुठीकडे गजाला वजन असतं, टोकाकडे तो हलका पडतो. त्यामुळे ओढत नेलेला स्वर आपोआप विझू लागतो. त्याला विझू द्यायचं की तर्जनीचा भार वाढवून तगवायचं, हे वादकाने प्रत्येक स्वरापाशी ठरवायचं. गज आधीच उधळला तर स्वराच्या शेवटी हात रिकामा.

चेलोवादक पाब्लो कासाल्सने 1936 ते 1939 या काळात बाखच्या सहाही सुइट ध्वनिमुद्रित केल्या. शुद्ध निषाद तो मुद्दाम चढा ठेवायचा, वरच्या षड्जाला जवळजवळ भिडवायचा. पियानोशी ते जुळत नाही, गळ्याशी मात्र जुळतं. दुसरा चेलोवादक आनर बिल्स्मा तातीच्या तारांवर वाजवायचा. कंप जपून, आणि बोलताना माणूस थांबतो तसा मध्येच थांबत. कासाल्सच्या साराबांदेत रडणं ऐकू येतं, बिल्स्माच्या साराबांदेत रडू आवरून कुणीतरी काही सांगत असतं. या तुकड्यापुरतं माझं मत बिल्स्माला. पहिल्या सुइटचा आरंभीचा प्रेल्यूड ऐकायचा झाला तर मात्र मी अजून कासाल्सच लावतो.