मूठ

आमच्या घरात हत्यार हा शब्द मोठ्यानं उच्चारला जात नाही. विळा, कोयता, सुरी, अडकित्ता ही सगळी नावं चालतात; हत्यार मात्र नाही. त्याचं कारण माझी आई. १९४८ च्या सप्टेंबरात ती आठ वर्षांची होती. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. पुस्तकात हा प्रसंग एका परिच्छेदात संपतो. आमच्याकडच्या मुसलमान घरांत तो इतक्या लवकर संपला नाही. आईच्या वडिलांकडे शेतातली रानडुकरं हाकलायला ठासणीची एक जुनी बंदूक होती. त्या दिवसांत एका रात्री त्यांनी ती आडात सोडून दिली. नंतर कितीतरी दिवस घरातलं कुणी त्या आडाचं पाणी प्यायलं नाही, असं आई सांगते. बंदूक केव्हाच गंजून गेली असेल. भीती तशीच राहिली.

अशा घरात २०२४ साली पिस्तूल घ्यायचं ठरलं.

झालं असं की, माझी धाकटी मुलगी नववीत असताना शाळेच्या संघातून जिल्हास्तरीय नेमबाजी स्पर्धेला गेली. मी स्वतः प्राथमिक शिक्षक. मला वाटलं, चार दिवसांची हौस आहे, उतरेल. पण ती उतरली नाही. परभणीत एक निवृत्त फौजी भाड्याच्या हॉलमध्ये मुलांना शिकवतात. दर शनिवारी सोनपेठहून एसटीनं गंगाखेड, तिथून परभणी, आणि संध्याकाळी परत, असा तिचा क्रम सुरू झाला. मीही सोबत जाऊ लागलो. बाकावर बसून वह्या तपासायच्या आणि मधूनमधून तिच्याकडे बघायचं. बघता बघता मलाही त्या खेळातलं थोडंबहुत कळू लागलं.

तिचा प्रकार दहा मीटर एअर पिस्तूल. यात दारू नाही, गोळी नाही. दाबलेल्या हवेवर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. त्याचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. एका हातानं पिस्तूल धरायचं, दुसरा हात खिशात नाहीतर कमरेला. तेहतीस फुटांवर कागद, त्यावर काळा गोल, आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. सव्वा तासात साठ छर्रे. सगळे दहात बसले तर सहाशे. या खेळात कुणाला इजा करायची नसते, कुणाला हरवायचंही नसतं खरं तर. स्वतःचा श्वास आणि स्वतःचा हात, एवढ्यांशीच झगडा. माझी मुलगी क्लबच्या पिस्तुलावर पाचशे वीसवरून पाचशे पंचेचाळीसपर्यंत आली आणि तिथं अडकली. क्लबचं पिस्तूल सहा मुलांत एक. प्रत्येकाचा हात वेगळा, प्रत्येक जण येऊन त्याची माशी-खाच फिरवून जाणार. सर एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, आता हिला स्वतःचं घ्या. दुसऱ्याच्या चपलेत किती दिवस पळवणार?"

पैसे होते. वरच्या खोलीच्या स्लॅबसाठी सहा वर्षं साठवलेले. बायकोनं एका वाक्यात निकाल दिला, "पत्रे अजून दोन पावसाळे काढतील." प्रश्न आईचा होता. तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ तसबीह फिरवत राहिली आणि म्हणाली, "घर में हत्यार नक्को बाबा." मी म्हणालो, "हत्यार नै अम्मा, खेल का सामान है." मुलगी दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण माझ्याकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं ती माझ्या लक्षात राहिली.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. पॅरिस ऑलिंपिक नुकतंच संपलं होतं. तुर्कस्तानचे एक्कावन्न वर्षांचे युसूफ दिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभे राहिले आणि मिश्र दुहेरीत रौप्यपदक घेऊन गेले, तो फोटो आमच्या चहाच्या हॉटेलातही प्रत्येकाच्या मोबाइलवर होता. एक शेजारी म्हणाले, "गुरुजी, ह्या माणसाला काहीच लागलं नाही. तुमच्या पोरीला लाखाचं पिस्तूल कशाला?" मी म्हणालो, "चष्मा साधा होता, पिस्तूल साधं नव्हतं. शिवाय हे त्यांचं पाचवं ऑलिंपिक." सायकल दुकानवाल्यानं मनापासून विचारलं, "हवा आपल्याकडं भरता येईल का?" त्याला सांगितलं, मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते, या पिस्तुलाच्या नळकांड्यात दोनशे बार. त्यानं कानाला हात लावला. दुसऱ्या एकानं हळूच विचारलं, "लायसन?" हा खरा प्रश्न होता. साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि वीस ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. मग लक्षात आलं की, त्यांना एकदाच पुरलं होतं. उरलेल्या दोन वेळा मी स्वतःलाच सांगत होतो.

सरांच्या ओळखीनं पुण्यात दोन जुनी पिस्तुलं मिळत होती. दोन्ही पूर्ण आकाराची, स्पर्धेची, आणि जुनी असूनही किंमत लाखाच्या घरात. एक स्वित्झर्लंडचं मोरिनी, इलेक्ट्रॉनिक चापाचं. दुसरं ऑस्ट्रियाचं स्टायर, यांत्रिक चापाचं. दिवाळीनंतर आम्ही दोघं पुण्याला गेलो. बालेवाडीच्या शूटिंग रेंजजवळ दोन्ही विकणारे एकाच दिवशी भेटले.

खरं सांगायचं तर माझं मन आधीच मोरिनीवर बसलं होतं. मोठमोठ्या नेमबाजांच्या हातात ते असतं असं ऐकलं होतं. दिसायला देखणं. आणि मनात एक खोल गोष्ट होती, जी मी तेव्हा कबूल केली नसती. सोनपेठच्या एका मुसलमान मास्तराची मुलगी उद्या मोठ्या रेंजवर उभी राहील, तेव्हा तिच्या हातातल्या वस्तूकडे बघून कुणी नाक मुरडू नये. बाकीच्या गोष्टींवरून मुरडतील ती वेगळी.

इलेक्ट्रॉनिक चापाचे गुण खोटे नाहीत. चाप बॅटरीवर चालतो, प्रत्येक वेळी अगदी सारखा सुटतो. हवा न भरता, छर्रा न घालता घरच्या घरी कोरडा सराव करता येतो. यांत्रिक चापात स्प्रिंगा आणि स्क्रू. आधी थोडी सैल ओढ, मग बोटाला एक भिंत लागते, आणि भिंतीवर दाब वाढवत नेला की सुटतो. नियमानं चाप पाचशे ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. स्पर्धेआधी चापाला अर्धा किलोचं वजन अडकवून पिस्तूल उभं उचलतात. वजन तोललं नाही आणि चाप सुटला, तर पिस्तूल आत नेता येत नाही. स्टायरला पुढच्या बाजूला धक्का शोषणारी एक यंत्रणा आहे, छर्रा सुटताना हात हलत नाही. गुण दोघांतही होते. म्हणून तर निवड अवघड होती.

मुलीनं मात्र ना नावं पाहिली, ना मला विचारलं. तिनं मोरिनी हातात घेतलं, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, डोळे मिटले, हात वर नेला आणि मग डोळे उघडले. असं पाच वेळा केलं. मग स्टायर घेऊन पाच वेळा. मी विचारलं, "ये क्या कर रही बेटा?" ती म्हणाली, "अब्बा, डोळे मिटल्यावर हात खोटं बोलत नाही. उघडल्यावर पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली पाहिजे. हिच्यात दरवेळी डावीकडं जाते."

कारण पुढं उलगडलं. मोरिनीच्या आधीच्या मालकानं लाकडी मूठ स्वतःच्या हातासाठी कानसून बारीक केली होती, कुठं कुठं पुट्टीही भरली होती. ती मूठ त्याच्या हाताची झाली होती. स्टायरची मूठ मुलीच्या हाताला थोडी मोठी होती, पण जशी कारखान्यातून आली तशीच. मी म्हणालो, नवी मूठ मागवू. मिळतेही, पण परदेशातून, वेगळ्या पैशांत आणि कित्येक आठवड्यांनी. मग तिनं हवेची नळकांडी फिरवून त्यांवर कोरलेली तारीख पाहिली. नळकांड्याचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात, नंतर स्पर्धेत ते चालत नाही. मोरिनीच्या नळकांड्याची दोन वर्षंही उरली नव्हती. स्टायरबरोबर दोन होती आणि दोन्हींची सहा वर्षं शिल्लक.

मी अखेरचा प्रयत्न म्हणून चापाचं काढलं. ती म्हणाली, "अब्बा, चापाचं सर्किट गेलं तर सोनपेठला कोण बघणार? गंगाखेडला? परभणीला?" मला एकदम टोकियो आठवलं. २५ जुलै २०२१ ला मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. त्या दिवशी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. मी ते बोलून दाखवलं, तर मुलगीच मला म्हणाली, "पण तिनंच पॅरिसला दोन पदकं घेतली. पिस्तुलावर सगळं नसतं अब्बा. माझ्या हाताला जे बसतं आणि माझ्या गावात जे चालू राहील, ते घेऊ."

स्टायर घेतलं.

परतताना खरी परीक्षा झाली. विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस, वाटेत एका नाक्यावर तपासणी. गाडी थांबली. शिपायानं मुलीच्या मांडीवरच्या पेटीकडं बोट दाखवून विचारलं, "काय आहे यात?" मी घाईनं म्हणालो, "खेळाचं सामान." त्यानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यानं पेटी उघडायला सांगितली. झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा बदलला. आम्हाला खाली उतरवलं. चाळीस मिनिटं आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. गाडीतली माणसं काचेतून बघत होती. माझ्या तोंडाला कोरड पडली आणि मला आईचा आड आठवला. मुलीनं पिशवीतून विक्रीची पावती, संघटनेचं ओळखपत्र आणि नियमाची प्रत काढली आणि साहेबांसमोर ठेवली. म्हणाली, "सर, हे नेमबाजीचं पिस्तूल आहे. हवेवर चालतं. परवाना लागत नाही, हा नियम. मी परभणी जिल्ह्याकडून खेळते." आवाज जराही चढला नाही, पडलाही नाही. साहेबांनी दोन फोन केले, कागद परत दिले आणि "जा" म्हणाले. माफी नाही, पण अपमानही नाही.

गाडीत बसल्यावर ती हळूच म्हणाली, "अब्बा, तुम्ही सामान म्हणालात म्हणून त्यांना शंका आली."

मला उत्तर सुचलं नाही. आपण लपवत नसतो, पण आपली जीभ लपवते. भीतीच्या सवयीनं आपण साध्या गोष्टीला आडनावानं हाक मारतो आणि समोरच्याला वाटतं, यात काहीतरी आहे. मीरतकडचा शहजर रिझवी हवाई दलात नोकरी करत २०१८ च्या मार्चमध्ये मेक्सिकोतल्या विश्वचषकात उतरला आणि याच दहा मीटर पिस्तुलात २४२.३ गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकला. त्यानं काही लपवलं असेल असं वाटत नाही. तिरंदाजी शिकण्याची आपल्याकडं ताकीद आहे, हे आपण वाझमध्ये ऐकतो. मग मुलीच्या हातातल्या पेटीचं नाव घ्यायला माझी जीभ का अडखळावी? पण हेही खरं की, आठ वर्षांच्या मुलीनं ऐकलेला आडातला आवाज नियमाच्या प्रतीनं पुसला जात नाही. दोन्ही गोष्टी सोबत घेऊनच आमच्यासारख्यांना चालायचं आहे.

घरी आल्यावर मूठ बसवायचं काम निघालं. माझे वडील सोनपेठच्या आठवडी बाजारात विळ्या-कुऱ्हाडींना दांडे आणि मुठी बसवून द्यायचे. गिऱ्हाइकाचा हात आधी आपल्या हातात घेत, मग लाकूड निवडत. म्हणायचे, पातं लोहाराचं, मूठ मालकाची. त्यांच्या कानशी माळ्यावर होत्या. मी काढल्या. मुलगी मूठ धरायची, कुठं टोचतं ते पेन्सिलनं दाखवायची, मी तिथं दोन हात कानस मारायचो, मग पॉलिश पेपर. एकदम काढायचं नाही. काढलेलं लाकूड परत येत नाही. मनगट मोकळं राहिलं पाहिजे, हा नियम तिनं मला वाचून दाखवला. हे काम तीन आठवडे चाललं. तिसऱ्या आठवड्यात तिनं डोळे मिटले, हात वर नेला, उघडले आणि हसली.

आई हे सगळं खाटेवरून बघत होती. एके दिवशी तिनं हात पुढं केला. पिस्तूल नाही मागितलं. मुलीनं तिच्या तळहातावर एक छर्रा ठेवला. आईनं तो चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, "ये तो मसूर के दाने इत्ती है." मग विचारलं, "इस कू क्या बोलते?"

मुलगी माझ्याकडं बघू लागली. मी म्हणालो, "छर्रा. पिस्तौल का छर्रा, अम्मा."

आता वाड्याच्या लांब भिंतीला मी चुना मारून घेतला आहे. रोज फजरनंतर मुलगी त्या कोऱ्या भिंतीसमोर हात धरून उभी राहते. भिंतीवर काहीच नसतं, नुसती माशी आणि खाच. वरच्या खोलीवर अजून पत्रेच आहेत. शनिवारी एसटीत कंडक्टरनं पेटीकडं बघून विचारलं, तर मी सांगतो, "पिस्तूल आहे. नेमबाजीचं." बहुतेक वेळा तो तिकीट फाडतो आणि पुढं जातो.