प्रसाद म्हणावे का?

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आमच्या शेजारचा एक तरुण आमच्याबरोबर येत असे. मालवणच्या किनाऱ्यावर यात नवल असे काही नाही. चतुर्थीला त्यांच्या घरचे मोदक आमच्याकडे यावेत, नाताळात आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जाव्यात, आंगणेवाडीच्या जत्रेहून परतताना त्याच्या आईने आमच्या मुलांसाठी खाजे आणावे, ही देवघेव दोन्ही घरांत फार जुनी. अशाच एका नाताळात लोक वेदीकडे निघाले असता त्याने हळूच विचारले, “थंय काय दितत?” आम्ही घाईत होतो. “प्रसाद,” एवढाच शब्द टाकून आम्ही रांगेत शिरलो.

तोही मागून आला, हे आम्हांला कळले नाही. रात्र नाताळची, गर्दी मोठी. फादरांनी पुढे आलेल्या तळहातावर ख्रिस्तशरीर ठेवले आणि त्याने मूठ मिटली. प्रसाद एकट्याने खायचा नसतो, घरी न्यायचा असतो, हे त्याला लहानपणापासून शिकवलेले. सकाळी तो सहज म्हणाला, “आवशीक फादरांचो परसाद दिलंय.” आमच्या पायांतले बळच गेले.

फादरांना सांगितले. ते रागावले नाहीत. आजाऱ्यांकडे ख्रिस्तशरीर नेण्याची लहानशी डबी त्यांनी खिशात घातली आणि आमच्याबरोबर निघाले. म्हातारी बाजेवर बसली होती. पायांनी अधू झाल्यापासून तिचे सारे जग त्या खोलीपुरते उरले होते. देव्हाऱ्यात केळीच्या पानाच्या तुकड्यावर ती पांढरी चकती जशीच्या तशी होती. पुढे निरांजन तेवत होते. “मिया अजून न्हावक नाय, म्हणान तोंडात घालूक नाय,” ती म्हणाली. चूक आपलीच झाली की काय, असा तिचा स्वर होता. हा प्रसाद नव्हे, असे आम्ही चाचरत सांगितले, तेव्हा तिने विचारले, “परसाद न्हय, तर मगे काय?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेव्हा देता आले नाही. पुढे बरेच दिवस तो मनात घोळत राहिला.

आमच्या आजीच्या पिढीला हा पेच नव्हता. ती ‘ओस्त’ म्हणे आणि ‘कुमगार’ घेई. दोन्ही शब्द पोर्तुगीजांबरोबर आलेले. ओस्तीचे मूळ लॅटिन ‘होस्तिया’, म्हणजे बळी दिलेला जीव. लॅटिनचा गंध नसलेल्या त्या बाया नकळत मिस्साबलिदानाचे अवघे मर्म एका शब्दात उच्चारीत. कुमगार हा ‘कोमुंगार’चा अपभ्रंश, त्यात एकत्र सहभागी होण्याचा भाव आहे. केरळच्या ख्रिस्ती बांधवांचा ‘कुर्बाना’ हा शब्द सिरियाक भाषेतला. आपल्या ओळखीची ‘कुर्बानी’ त्याच कुळातली. प्रत्येक शब्दाने त्या रहस्याचा एकेक पदर धरला आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) मिस्सा लोकभाषेत आली, आणि परके वाटणारे शब्द मागे पडू लागले. हिंदीत ‘परमप्रसाद’ रूढ झाला. मराठीतही कोणी ‘ख्रिस्तप्रसाद’ म्हणतात. यात आम्हांला गैर काही वाटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलेच ना? शिवाय प्रसाद म्हणजे मुळात प्रसन्नता, कृपा. ज्ञानदेवांच्या पसायदानातला ‘पसाय’ तो हाच. देवाने न मागता दिलेले दान या अर्थाने वेदीवरच्या दानाला याहून गोड मराठी नाव सापडणे कठीण.

मग अडते कोठे? नैवेद्य आपण दाखवतो, देव तो गोड करून घेतो आणि उरलेला प्रसाद म्हणून परत येतो. वेदीवरही आपण गव्हाची भाकर नेतो. (तांदळाची भाकरी खाणाऱ्या आम्हां कोकण्यांना त्या कागदासारख्या पातळ चकतीला ‘भाकर’ म्हणणे बालपणी मोठे कोड्याचे वाटे!) परंतु परत येते ते देवाने स्पर्शिलेले अन्न नव्हे, तो स्वतःच येतो. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ साली हेच सांगितले: तत्त्व पालटते, भाकर व द्राक्षारस यांचे रूप तेवढे राहते. तिने योजलेल्या ‘स्पेसिएस’ या लॅटिन शब्दाला ‘रूप’ हा आपला साधा शब्द अगदी चपखल बसतो. डोळ्यांना, जिभेला भाकरच, श्रद्धेला ख्रिस्त.

आणखी एक. प्रसाद आल्यागेल्या कोणालाही द्यावा, नाकारू नये, अशी रीत. येथे मात्र फादर “ख्रिस्ताचे शरीर” म्हणतात आणि आपल्याला “आमेन” म्हणावे लागते. त्या आमेनमागे बाप्तिस्मा आहे, धर्मसभेशी बांधलेली गाठ आहे. शेजाऱ्याने स्नेहापोटी ते म्हणावे, अशी अपेक्षा धरणे हा त्याच्यावरही अन्याय. म्हणून वेदीपाशी तरी ‘ख्रिस्तशरीर’ हाच शब्द असावा, या मताला आम्ही आलो आहोत. प्रार्थनेत, गीतात प्रसाद म्हणा. पण कोणी विचारले तर अर्धा शब्द फेकून रांगेत शिरू नका.

तरीही त्या घराने आमच्याहून काही कमी आदर दाखवला, असे म्हणवत नाही. इ. स. १५५च्या सुमारास संत जस्टिन यांनी लिहून ठेवले आहे की, उपासनेला न आलेल्यांकडे डीकन तो भाग पोचवीत. आजारी आईसाठी मूठ मिटून घरी जाणारा तो मुलगा याहून वेगळे काय करत होता? आमची आजी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता कुमगार घेई. पुढे पाणी पिण्याची मोकळीक मिळाली, आणि १९६४ पासून उपवास तासाभरावर आला. तो तासही आम्ही घड्याळाकडे बघत मोजतो. म्हातारी तर न्हाल्यावाचून तोंडात घालायला तयार नव्हती.

तिच्या प्रश्नाला फादरांनीही शब्दांत उत्तर दिले नाही. त्यांनी गुडघे टेकून ते ख्रिस्तशरीर डबीत घेतले, मग तिच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या पायांसाठी प्रार्थना केली. तिने डोळे मिटून घेतले होते. आम्ही निघताना तिचा मुलगा निरांजन शांत करायला पुढे झाला, तर ती म्हणाली, “ऱ्हवांदे.”