मिरचीचे बी आणि आमची माय



जानेवारी उजाडला की आपल्या घरात नवे कॅलेंडर टांगायची आणि मुलांच्या गॅदरिंगची घाई असते. मिरचीच्या बियांची आठवण कोणाला येणार? पण मुंबईत घरची उन्हाळी मिरची खायची असेल, तर बी याच महिन्यात घालावे लागते. हिशेब सोपा आहे. बी रुजायला आठ-दहा दिवस, रोप लावणीजोगे व्हायला पुढे महिनाभर, तिथून फुलोऱ्याला आणखी महिना-सव्वा महिना. म्हणजे पहिली मिरची एप्रिलच्या अखेरीस हाती येते. मार्चच्या मध्यावर बी घातले तर फुलोरा मेअखेर येतो. अर्धी फुले उकाड्याने गळतात, राहिलेली जूनचा पाऊस झोडपून काढतो.

आणि बी घालायचे ते घरात, खिडकीबाहेर ग्रीलवर नाही. मिरचीच्या बियाला पंचवीस ते तीस अंशांची ऊब लागते. जानेवारीत आपल्या उपनगरांत रात्री पारा सोळा-सतरापर्यंत उतरतो, कधी त्याहून खाली. बाहेर ठेवलेले बी वीस-वीस दिवस हूं की चूं करत नाही. घरात, फ्रिजच्या डोक्यावर, तेच बी आठवड्यात डोळे उघडते.

हे सगळे मला आमच्या मायने शिकवले. माय नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडची. तिकडची लालभडक मिरची नावाजलेली, आता तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मिरची वाळवायची, निवडायची जागा म्हणजे सातरा. पोती रिकामी करून ढीग घालायचे आणि बायकांनी रांगेने बसून देठ खुडायचे. मायची शाळा दुसरीत सुटली ती या सातऱ्यापायी. मिरचीचा हंगाम आणि शाळेचे दिवस एकच पडतात. घरात खाणारी तोंडे सात, जमीन वीतभर नाही. संध्याकाळी हातांची इतकी आग व्हायची की पाण्यात बुडवून उपयोग नसे, बायका तेल चोळून बसत. त्यामागचे कारण मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाले. मिरचीत जे तिखट द्रव्य असते, कॅप्सेसिन, ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. ते बियांत नसते, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात असते. बायकांनी न वाचताच तेल शोधले होते.

पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात मिरचीची रोपे लावायलाही माय जायची. हजारो रोपे तिच्या हातून लागली असतील, त्यातले एकही तिचे नव्हते.

आता ती माझ्याकडे घाटकोपरला असते. आमची खोली पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर, 269 चौरस फुटांची. गुडघे दुखतात, लिफ्टचा भरवसा नाही, म्हणून तिचे खाली उतरणे कमीच. तीन वर्षांपूर्वी मामा गावाहून आला तेव्हा तिने त्याच्याकडून मूठभर जुन्या वाणाची मिरची मागवली. तिकडेही आता संकरित बियाणे शिरल्याने तो वाण कमी दिसतो. बाजारातल्या संकरित मिरचीचे बी घातले तर रोप उगवते, पण फळ मूळच्यासारखे येईल याची खात्री नसते. जुन्या वाणाचे बी आपल्या जातीला बरेचसे धरून राहते, म्हणून मायचा हट्ट.

झाडावरच पिकून वाळलेली मिरची घ्यावी. चमच्याने फोडून बी झटकावे, काळपट बी टाकून द्यावे. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून दुधाच्या पिशवीत किंवा दह्याच्या डब्यात, तळाला भोके पाडून पेरावे. माती, शेणखत आणि नारळाच्या शेंड्यांचा चुरा सारखा घ्यावा. बियांवर माती अर्धा सेंटीमीटरच. मी जास्त टाकायला लागले की माय ओरडते, "नोको बाई, त्याले दाबू नोको, त्याले वर याचं हाय." कोंब दिसला की त्याच दिवशी डबा उजेडात आणावा, नाहीतर रोप उजेडासाठी मान लांबवते आणि पडते. पाणी बेताने द्यावे. कोवळी रोपे मातीलगत सडून कोलमडतात ती बहुधा अति पाण्याने. खरी चार-सहा पाने आली की आधी आठवडाभर रोज थोडे थोडे ऊन दाखवून मग कुंडीत लावावे. पाच लिटरचा तेलाचा कॅन कापला की एका रोपाला पुरतो. कुंडी ग्रीलच्या आत तारेने बांधावी. खाली मुले खेळतात.

खरी अडचण उन्हाची. मिरचीला रोज पाच-सहा तास ऊन हवे, आणि आमच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की चौथ्या मजल्याच्या खाली ऊन पोहोचतच नाही. गेल्या मार्चमध्ये महिला मंडळात आम्ही तीस रोपे वाटली. खालच्या मजल्यांवरची सगळी पिवळी पडली. मग गच्चीचा विषय काढला. गच्चीला कायम कुलूप, "मुले वर जातील, टाकीला हात लावतील" हे उत्तर ठरलेले. अर्ज दिला, दोन मीटिंगा झाल्या, भांडणही झाले. शेवटी सकाळी आठ ते दहा गच्ची उघडी ठेवायची आणि किल्ली पाळीपाळीने बायकांकडे असायची, असे ठरले. एवढ्याशा मिरचीसाठी मीटिंग कशाला, असे काहीजण हसले. गच्ची सगळ्यांची आहे हे मात्र त्या मीटिंगीत पहिल्यांदा बोलले गेले.

मी बी.कॉम., ऑफिसात दिवसभर हिशेबच करते. माती, खत आणि कॅन धरले तर आमची मिरची बाजारापेक्षा महाग पडते. पैसे वाचवायला कोणी या उद्योगात पडू नये.

पहिल्या वर्षी झाडाला अकरा मिरच्या आल्या. मायने आठ ठेच्याला दिल्या आणि तीन तोडू दिल्या नाहीत. त्या झाडावरच लाल झाल्या, सुकल्या, मग तिने देठासकट सुती फडक्यात बांधल्या. पुडीवर साल मी लिहिते, ते अक्षर ती बोटाने लावून वाचते. यंदा पुडीत सव्वीस मिरच्या आहेत. शेजारच्या विंगमधल्या दोघीजणी बी मागून गेल्या. मायने त्यांना मोजून चार-चार दिल्या आणि पुढच्या वर्षी तेवढ्याच परत आणा म्हणून बजावले.