दोन खिळे, एक दोरा

वर्तुळ काढणं ही काही विद्या नव्हे. बशी पालथी घालावी, पेन्सिल फिरवावी, झालं. बशी नसेल तर बांगडी, बांगडी नसेल तर रुपयाचं नाणं. परमेश्वराने आणि भांडीवाल्याने वर्तुळाची सोय घरोघर करून ठेवलेली आहे. लंबगोलाची तशी सोय नाही. आमच्या घरात लंबगोल म्हणावा असा एकच ट्रे आहे, लग्नात आहेर आलेला. आणि तोही मुळात गोल असून पडून पडून लंबगोल झाला असावा असा माझा संशय आहे.

त्यातून मी बी.कॉम. आमचा भूमितीशी संबंध फक्त शून्यापुरता. नीट पाहिलं तर शून्य हा उभा लंबगोलच; पण बँकेत त्याचा आकार कोणी तपासत नाही, ती किती आहेत एवढंच तपासतात. अशा माणसावर दहा इंच उंच आणि आठ इंच रुंद असा बिनचूक लंबगोल पुठ्ठ्यात कापायची वेळ आली, ती आईच्या फोटोमुळे.

फोटो 1974 सालचा. आई खुर्चीत बसलेली, अंबाड्यात गजरा. (हा फोटो लंबगोल चौकटीत होता असं लिहिणार होतो, पण चौकट आणि लंबगोल? फ्रेम म्हणू.) आई गेल्यापासून तो अण्णांच्या पलंगासमोर असतो. या पावसाळ्यात भिंतीची ओल फ्रेमला लागली आणि लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं झालं. फोटो बाहेर काढला, तर काठाशी, खुर्चीच्या हातावर, चार बोटं. पुरुषाची. जुन्या फ्रेमच्या काठाखाली ती इतकी वर्षं झाकलेली होती.

“माझी आहेत,” अण्णा शांतपणे म्हणाले. “फोटो दोघांचा होता. फ्रेम एकाच्याच मापाची मिळाली.”

“आणि बाकीचे तुम्ही?”

“डोकं तेवढं कापून नोकरीच्या अर्जाला चिकटवलं. नोकरी लागली.”

मग म्हणाले, “आता नवीन करतोच आहेस तर बोटं राहू देत.”

बोटं राहायची तर आठ इंच रुंदी हवी, गजरा राहायचा तर दहा इंच उंची. आणि अण्णांनी त्या काळी कात्री अशी चालवलेली, की त्या मापाबाहेर फोटो जेमतेम एक सूत शिल्लक. आमचा लंबगोल एका सुताने चुकला की एक तर मागचा पुठ्ठा दिसणार, नाही तर अण्णा पुन्हा बाहेर. फ्रेमवाला म्हणाला, “चौकोनी घेऊन जा साहेब, लंबगोल आता कोण लावतं?” लेझरने कापून देणारा म्हणाला, “फाइल आणा.” आमच्या बँकेत फाइल म्हणजे जी सापडत नाही ती. कुठून आणणार?

घरात बातमी पसरली आणि लंबगोल न येणारा मी एकटाच असल्याचं उघड झालं. मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. तिने एकाच मध्यावर दहा आणि आठ इंच व्यासाची दोन वर्तुळं काढली, तीस-तीस अंशांवर बारा रेघा मारल्या. रेघ बाहेरच्या वर्तुळाला लागते तिथून उभी रेघ, आतल्याला लागते तिथून आडवी. त्या भेटतील तो लंबगोलावरचा बिंदू. हे सगळं पाऊण तास. हाती आले बारा ठिपके.

“आता जोडायचे, बाबा.”

“कशाने?”

“हाताने!”

हात थरथरत नसता तर ठिपके कशाला हवे होते?

तळमजल्यावरच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांचा लंबगोल कंपासने चार कंस जोडून काढण्याला सक्त विरोध. “तो लंबगोल नव्हे, लंबगोलाचा डुप्लिकेट. जिथे कंस बदलतो तिथे डोळ्याला ठेच लागते.” दोन्ही टोकं माशासारखी टोकदार करणाऱ्यांवर तर त्यांनी हयातभर खडू फेकले. “तांब्याचं तोंड मिटलंस! पाणी कुठून प्यायचं रे?”

त्यांनी कागदाची पट्टी कापली. टोकापासून चार इंचांवर एक खूण, पाच इंचांवर दुसरी. चाराची खूण कायम लांब अक्षावर ठेवायची, पाचाची आखूड अक्षावर, आणि पट्टी सरकवत जायचं. टोक जिथे जिथे जाईल तिथे ठिपका. खोटं वाटेल, पण टोक आपोआप लंबगोलावरून चालतं. हवे तितके दाट ठिपके मिळतात. मास्तर एकोणसाठाव्या ठिपक्याला होते तेव्हा त्यांना जेवायला बोलावणं आलं.

शेवटी सुतारमिस्त्री आले. ठिपक्यांकडे त्यांनी घरात मुंग्या झाल्यासारखं पाहिलं. कंपासमध्ये पाच इंच धरले, आखूड अक्षाच्या टोकावर टेकवून लांब अक्षावर दोन खुणा केल्या, तिथे दोन खिळे ठोकले. खिळ्यांत अंतर सहा इंच. सोळा इंच घेराचं दोऱ्याचं कडं खिळ्यांभोवती टाकलं, पेन्सिलने ताणलं आणि फिरवलं.

आणि इथे माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. सोळातले सहा इंच खिळ्यांमध्येच अडकलेले. उरले दहा. पेन्सिल एका खिळ्याजवळ गेली की दुसऱ्यापासून तेवढीच लांब जाते; इकडे जमा, तिकडे नावे, बेरीज कुठेही दहाच! हा तर ट्रायल बॅलन्स! पंचवीस वर्षं मी हेच करतोय आणि मला कोणी भूमितीतज्ज्ञ म्हटलं नाही.

केप्लरने मंगळाची वाट अशीच लंबगोल असल्याचं 1609 साली छापलं. त्याआधी तो कितीतरी दिवस अंड्याच्या आकाराशी झटत होता; मंगळ काय फक्त आपल्या पत्रिकेतच छळतो असं नाही. सूर्य एका खिळ्यावर असतो. दुसरा खिळा रिकामाच.

दोरा सुतळीचा घेतला तर ताण बसला की लांबतो आणि पेन्सिल परत येते ती निघाली तिथे नाहीच. ही त्रुटी आमच्या सौभाग्यवतींनी हेरली. “अहो, हिशेब तुमचा बरोबर आहे, दोरा चुकीचा आहे,” असं म्हणून त्यांनी गोधडीचा दोरा मेणबत्तीवर ओढून दिला. रेघ सुटली तिथेच येऊन मिळाली. खिळ्यांची भोकं पडली म्हणावं, तर ती आतल्या, कापून टाकायच्या भागात.

लाकडी फ्रेमचा बाहेरचा काठ काढायला मी अर्थातच मोठ्या दोऱ्याचा प्रस्ताव मांडला. मिस्त्री हसले. “साहेब, तेच खिळे ठेवून दोरा वाढवला तर पट्टी वर-खाली रुंद नाही, मधे कमरेला रुंद होईल.” त्यांनी कापलेल्या काठाला बोट लावलं, बोटाच्या अंतरावर पेन्सिल धरली आणि तशीच फिरवून आणली. सगळीकडे सारखी पट्टी. मी घरी गणित केलं: दोन टोकांना एक इंच वाढवला असता तर कमरेला एक इंच आणि वर दीड सूत झालं असतं.

आत जरीची लेस लावायची ठरली. किती? वर्तुळाच्या परिघाला सोपं सूत्र आहे, लंबगोलाला नाही. जवळपासचं अतिशय उत्तम सूत्र रामानुजनने 1914 साली दिलं. त्याच्या दोन वर्षं आधी तो मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात तीस रुपयांवर कारकून लागला होता. आमच्याच लाइनचा माणूस! मी त्याच्या सूत्राने आकडेमोड केली. 28.36 इंच. ऐटीत दुकानात गेलो.

“मीटरखाली मिळणार नाही,” दुकानदार म्हणाला.

उरलेली अकरा इंच लेस मुलीने पेन्सिल-पेटीला लावली आहे. फोटो लागला. गजरा पूर्ण आहे, कुठेही पुठ्ठा दिसत नाही, आणि कडेला चारही बोटं आहेत. परवा शेजारच्या काकू येऊन बराच वेळ पाहत राहिल्या. “अण्णा, वहिनींच्या खुर्चीवर हा हात कुणाचा हो?”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. “वाचा तुम्हीच,” म्हणाले. “अंगठी ओळखीची वाटते का?”